मशीन, डिस्क, नेटवर्क: एडब्ल्यूएस वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनची भाड्याने संगणक देणारी क्लाउड सेवा) पहिलं मशीन उभं करणारे विद्यार्थी, दोन-चार जणांच्या सॉफ्टवेअर कंपन्या आणि ऑफिसातला सर्व्हर क्लाउडवर हलवणारी मंडळी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. दर डॉलरमध्ये आहेत आणि ते बदलत राहतात, त्यामुळे काही ठरवण्याआधी अधिकृत दरपत्रक जरूर बघा.

१. क्लाउडवर सर्व्हर घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं?

एक वस्तू घेतल्यासारखं वाटतं, पण हातात चार आलेल्या असतात. ईसी२चं मशीन म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी, एवढंच. त्याला जोडलेली डिस्क ईबीएसची असते, ती वेगळी. बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायला लागणारा पब्लिक आयपी वेगळा. आणि हे सगळं ज्या खासगी नेटवर्कात बसतं ते व्हीपीसीही वेगळं. मशीन गेलं तरी एखादी डिस्क मागे उरते. डिस्क पुसली तरी राखून ठेवलेला आयपी तुमच्याच नावावर राहतो. व्हीपीसी स्वतः फुकट आहे, पण त्यात बसवलेल्या बऱ्याच गोष्टी फुकट नाहीत. ज्याचं त्याचं मीटर वेगळं, ज्याचं त्याचं आयुष्य वेगळं. खालच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून हे पक्कं करून मगच पुढे जा.

२. अमेरिकेतले दर कमी दिसतात. मग मुंबई रीजन कशाला घ्यायचा?

रीजन म्हणजे एडब्ल्यूएसची डेटा सेंटरं असलेला भाग. वापरणारे भारतात असतील तर मुंबईच घ्या. पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायला काही मिलीसेकंद लागतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनला तोच फेरा साधारण २०० मिलीसेकंदांच्या घरात जातो. एक पान उघडताना ब्राउझरचे असे पाच-सहा फेरे झाले तर एक सेकंद नुसता प्रवासातच जातो. मुंबई रीजन जून २०१६मध्ये सुरू झाला आणि आज तिथे तीन अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरं) आहेत. हैदराबाद नोव्हेंबर २०२२मध्ये आला. तो खात्यात मुद्दाम चालू करावा लागतो, म्हणून अनेकांना यादीत सापडतच नाही. देशातच दुसऱ्या शहरात बॅकअप ठेवायला तो उत्तम.

पैशांच्या व्यवहारांशी संबंध असेल तर प्रश्न वेगाचा राहत नाही. पेमेंट व्यवस्थेचा डेटा भारतातच साठवला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बजावलं आहे. आधी आपल्या सीएला आणि वकिलाला विचारा, रीजन नंतर निवडा. नुसतं शिकायचं असेल तर व्हर्जिनिया चालेल.

३. टी३.मायक्रो, एम५.लार्ज ही नावं वाचायची कशी?

पहिलं अक्षर स्वभाव सांगतं: टी म्हणजे अधूनमधून जोर लागणाऱ्या कामासाठी, एम सर्वसाधारण, सी प्रोसेसरवर भर, आर मेमरीवर भर. आकडा म्हणजे पिढी, आणि टिंबापुढचा शब्द म्हणजे आकार. सी५.लार्ज, एम५.लार्ज आणि आर५.लार्ज या तिघांनाही दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) मिळतात, मेमरी मात्र अनुक्रमे ४, ८ आणि १६ जीबी. आकड्यानंतर जी दिसला, जसं टी४जी, तर ते एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरवर चालतं. तो एआरएम जातीचा आहे, त्यामुळे इंटेलसाठी बांधलेलं तुमचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे तपासून मगच घ्या.

४. मशीन सकाळी छान चालतं आणि दुपारनंतर एकदम मंदावतं. बिघाड आहे का?

टी प्रकारातलं असेल तर बिघाड नाही, क्रेडिट संपलं आहे. टी२.मायक्रोला सतत मिळणारी ताकद पूर्ण प्रोसेसरच्या फक्त १० टक्के असते. शांत वेळी क्रेडिट साठतात, धावपळीत खर्च होतात आणि संपले की मशीन त्या १० टक्क्यांवर येतं. टी३मध्ये वागणूक वेगळी आहे: तिथे ‘अनलिमिटेड’ हा पर्याय सुरुवातीपासूनच चालू असतो, त्यामुळे मशीन मंदावत नाही, जास्तीच्या वापराचं बिल येतं. म्हणजे एकाच सवयीचा परिणाम टी२मध्ये वेगावर आणि टी३मध्ये खिशावर दिसतो. दिवसभर भार असणाऱ्या कामाला टी प्रकार घेऊच नका. एम किंवा सी घ्या.

आणखी एक. क्रेडिट शिल्लक असूनही मशीन गुदमरत असेल तर मेमरी बघा. क्लाउडवॉच (मशीनवर नजर ठेवणारी एडब्ल्यूएसची सेवा) आपणहून मेमरीचा आलेख दाखवत नाही. त्यासाठी मशीनवर वेगळा एजंट बसवावा लागतो.

५. मशीन महिनाभर स्टॉप करून ठेवलं होतं. तरी बिल कसं आलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. स्टॉप केल्यावर थांबतं ते प्रोसेसर आणि मेमरीचं मीटर. डिस्क जागेवरच असते आणि तिचं भाडं चालू राहतं. मुंबईत १०० जीबीच्या जीपी३ डिस्कचे महिन्याला सुमारे ९ डॉलर होतात, मशीन चालू असो वा नसो. इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पब्लिक आयपी) राखून ठेवला असेल तर त्याचेही पैसे. १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, तो मशीनला जोडलेला असो की नुसता पडून असो. महिन्याला साधारण ३.६ डॉलर. त्याशिवाय जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती), लोड बॅलन्सर (मशीनमध्ये विनंत्या वाटून देणारा), आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारा नॅट गेटवे (प्रश्न १२).

बिल आलं की आधी कॉस्ट एक्सप्लोररमध्ये जाऊन ‘युसेज टाइप’नुसार फोड करून बघा. कुठली वस्तू पैसे खाते आहे ते दोन मिनिटांत समजतं. आणि खातं उघडल्याच्या दिवशीच बजेट अलर्ट लावा. अलर्ट खर्च थांबवत नाही, फक्त ईमेल पाठवतो. मर्यादा ओलांडली की सगळं आपोआप बंद होईल, अशा भरवशावर राहू नका.

६. स्टॉप आणि टर्मिनेट यांत डेटा कशाने जातो?

स्टॉप केल्याने ईबीएसवरचा डेटा जात नाही. टर्मिनेट केलं की मशीन कायमचं जातं आणि त्यासोबत रूट डिस्कही (ऑपरेटिंग सिस्टिम असलेली) जाते, कारण तशी खूण सुरुवातीलाच लागलेली असते. नंतर जोडलेल्या जास्तीच्या डिस्क मात्र सहसा मागे राहतात. डेटाच्या दृष्टीने हे चांगलं, बिलाच्या दृष्टीने वाईट. महत्त्वाच्या मशीनवर ‘टर्मिनेशन प्रोटेक्शन’ लावून ठेवा.

अपवाद इन्स्टन्स स्टोअरचा. काही प्रकारांत डिस्क थेट त्या भौतिक यंत्रातच बसवलेली असते. अतिशय वेगवान, पण मशीन स्टॉप केलं तरी तिच्यावरचा डेटा जातो. रीबूटने जात नाही. तिथे फक्त तात्पुरत्या फाइली ठेवा, डेटाबेस नाही.

स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केल्यावर पब्लिक आयपी बदलतो, तो टिकवायचा तर इलॅस्टिक आयपी लागतो. याची एक चांगली बाजूही आहे: स्टॉप-स्टार्टमध्ये मशीन बहुधा दुसऱ्या हार्डवेअरवर जातं. ‘सिस्टिम स्टेटस चेक’ नापास होत असेल तर हाच पहिला उपाय.

७. एस३, ईबीएस, ईएफएस. फाइल ठेवायची कुठे?

डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम ईबीएसवर. फोटो, पीडीएफ, बॅकअप, लोकांनी अपलोड केलेल्या फाइली एस३वर (मशीनपासून वेगळी फाइल-साठवण). अनेक मशीनना एकच फोल्डर एकाच वेळी लागत असेल तर ईएफएस, ते जीबीमागे बरंच महाग आहे.

ईबीएसची डिस्क एकाच झोनमध्ये असते आणि त्याच झोनमधल्या मशीनला जोडता येते. दुसऱ्या झोनमध्ये न्यायची तर स्नॅपशॉट घेऊन तिथे नवी डिस्क बनवायची. अपलोड झालेल्या फाइली ईबीएसवर ठेवायची सवय मला सगळ्यात घातक वाटते. एकाचं दोन मशीन करायची वेळ आली की निम्म्या फाइली इकडे आणि निम्म्या तिकडे होतात.

८. डिस्क भरली. मशीन बंद न करता वाढवता येईल का?

येते. आकार वाढवा, मग मशीनच्या आत पार्टिशन आणि फाइलसिस्टिम वाढवा. ही दुसरी पायरी राहून जाते आणि ‘वाढवली तरी भरलेलीच दिसते’ अशी तक्रार येते. लहान मात्र करता येत नाही. नवी छोटी डिस्क घेऊन डेटा कॉपी करण्यावाचून मार्ग नाही, म्हणून सुरुवातीला अंदाजाने मोठी डिस्क घेऊ नका. जुनी जीपी२ डिस्क असेल तर ती चालू अवस्थेतच जीपी३ करून घ्या: जीबीमागचा दर सुमारे २० टक्क्यांनी कमी आहे आणि आकार कितीही लहान असला तरी ३,००० आयऑप्स (सेकंदाला वाचन-लेखनाच्या क्रिया) मिळतात.

९. एस३मधली फाइल चुकून डिलीट झाली. ‘अकरा नऊ’ टिकाऊपणा असताना परत का मिळत नाही?

९९.९९९९९९९९९ टक्के ही हमी हार्डवेअर बिघडून फाइल हरवण्याविरुद्ध आहे. तुम्ही दिलेला डिलीटचा हुकूम एस३ तितक्याच विश्वासूपणे पाळतं. व्हर्जनिंग (प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवणं) चालू नसेल तर फाइल गेली, सपोर्टला लिहूनही उपयोग नाही. व्हर्जनिंग चालू असेल तर डिलीट म्हणजे वर फक्त एक खूण बसते, ती खूण काढली की फाइल परत दिसते.

व्हर्जनिंग चालू केल्यावर प्रत्येक जुन्या प्रतीचं भाडं लागतं. रोज बदलणारी १ जीबीची फाइल महिन्याभरात ३० जीबी होते. त्यामुळे जुन्या प्रती ठरावीक दिवसांनी पुसणारा लाइफसायकल नियम त्याच दिवशी लावा. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोड (मोठी फाइल तुकड्यांनी चढवणं) पुसण्याचा नियमही सोबतच. ते तुकडे यादीत दिसत नाहीत, बिलात दिसतात.

१०. जुना डेटा ग्लेशियरमध्ये टाकला की स्वस्त पडतो ना?

ग्लेशियर म्हणजे एस३चे जुन्या फाइलींसाठीचे प्रकार: साठवायला स्वस्त, काढायला बहुधा सावकाश आणि महाग. त्यातल्या सगळ्यात स्वस्त डीप आर्काइव्हमधून फाइल यायला नेहमीच्या मार्गाने १२ तासांपर्यंत आणि सगळ्यात स्वस्त मार्गाने ४८ तासांपर्यंत लागतात. तिथे टाकलेल्या फाइलीचं किमान १८० दिवसांचं भाडं लागतं, दुसऱ्याच दिवशी पुसली तरी. ग्लेशियरच्या बाकीच्या दोन प्रकारांत ही मुदत ९० दिवसांची आहे.

खरी मेख लहान फाइलींत आहे. डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलीमागे सुमारे ४० केबीचा जास्तीचा हिशेब धरला जातो, शिवाय हलवण्याचं शुल्क फाइलीमागे लागतं, जीबीमागे नाही. १० केबीच्या लाखो पावत्या जशाच्या तशा हलवल्या तर बचतीऐवजी खर्च होतो. आधी महिन्यानुसार त्यांचे झिप करा, मग हलवा. पाच-सात वर्षं जपायच्या आणि क्वचितच उघडायच्या हिशेबाच्या कागदपत्रांना मात्र यासारखी जागा नाही. ऑडिटरने तासाभरात मागावं अशी शक्यता असेल तर ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल (फाइल लगेच देणारा प्रकार) बघा.

११. व्हीपीसी बनवताना आयपीची रेंज कोणती द्यायची?

इथे दिलेली पहिली रेंज नंतर बदलता येत नाही, जास्तीची जोडता येते. व्हीपीसी /१६ ते /२८ एवढं असू शकतं (आकडा जितका मोठा, तितके पत्ते कमी). प्रत्येक सबनेटमधले (व्हीपीसीचा एक तुकडा) पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, त्यामुळे /२८च्या १६ पत्त्यांपैकी तुम्हाला ११च मिळतात.

बरेच जण प्रत्येक व्हीपीसीला डोळे मिटून १०.०.०.०/१६ देतात. दोन वर्षांनी दोन व्हीपीसी जोडायची वेळ येते आणि रेंज एकच असल्याने पीअरिंग (दोन व्हीपीसींची थेट जोडणी) होतच नाही. ऑफिसच्या राउटरवर १९२.१६८.१.० असेल तर तीही टाळा, आणि डॉकर (अ‍ॅप वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) सहसा १७२.१७.०.०/१६ स्वतःसाठी घेतो, म्हणून तीही. एका कागदावर आज वापरलेल्या आणि पुढे लागणाऱ्या रेंज लिहून काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळल्यामुळे अख्खं नेटवर्क पुन्हा उभारावं लागतं.

पीअरिंगबद्दल आणखी एक: अ आणि ब जोडले, ब आणि क जोडले, तरी अ आणि क एकमेकांशी बोलू शकत नाहीत. अशी जोडणी वाढायला लागली की ट्रान्झिट गेटवे (सगळ्यांना जोडणारा मधला नाका) घ्यावा लागतो.

१२. प्रायव्हेट सबनेट सुरक्षित म्हणून घेतलं, आणि मशीनपेक्षा नॅट गेटवेचं बिल जास्त आलं. असं का?

सबनेट पब्लिक की प्रायव्हेट, हे रूट टेबल (कुठला डेटा कुठल्या रस्त्याने जाईल हे सांगणारा तक्ता) ठरवतं. बाहेरचा रस्ता इंटरनेट गेटवेकडे जात असेल तर पब्लिक, नाहीतर प्रायव्हेट. प्रायव्हेटमधल्या मशीनला अपडेट घ्यायला बाहेर जायचं असतं, त्यासाठी नॅट गेटवे लागतो. इंटरनेट गेटवेला भाडं नाही. नॅट गेटवेला दोन भाडी आहेत: व्हर्जिनियात तासाला ४.५ सेंट आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीला ४.५ सेंट. मुंबईत थोडं जास्त. म्हणजे व्हर्जिनियातसुद्धा एकही बाइट न जाता महिन्याला सुमारे ३३ डॉलर.

सगळ्यात वाया जाणारा पैसा एस३च्या वाटेवर असतो. प्रायव्हेट मशीन रोजचा बॅकअप त्याच रीजनमधल्या एस३वर टाकतं आणि तो सगळा डेटा नॅटमधून मोजला जातो. एस३साठीचा ‘गेटवे एंडपॉइंट’ फुकट आहे. तो व्हीपीसीत जोडून रूट टेबलमध्ये आला की हा खर्च शून्यावर येतो. हे आजच करा.

एक-दोन मशीनची छोटी साइट असेल तर माझं स्पष्ट मत आहे: नॅट गेटवे घेऊ नका. मशीन पब्लिक सबनेटमध्ये ठेवा आणि सिक्युरिटी ग्रुप नीट आवळा (प्रश्न १३). डेटाबेसला बाहेर जायची गरज नसते, तो नॅटशिवाय प्रायव्हेटमध्ये सुखाने राहतो.

१३. मशीन चालू आहे, पण साइट उघडत नाही. कुठून तपासायचं?

आधी ब्राउझर काय म्हणतो ते वाचा. बराच वेळ फिरून ‘टाइमआउट’ आलं तर तुमची विनंती मशीनपर्यंत पोचतच नाही: दोष सिक्युरिटी ग्रुप, रूट टेबल किंवा पब्लिक आयपीत आहे. ताबडतोब ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर विनंती पोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. एनजिनएक्स (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) बंद आहे किंवा तुमचं अ‍ॅप फक्त १२७.०.०.१वर, म्हणजे मशीनच्या आतल्या विनंत्यांनाच, ऐकतंय. एवढ्या एका फरकाने निम्मी शोधाशोध वाचते.

सिक्युरिटी ग्रुप मशीनच्या दाराशी बसतो. त्यात फक्त परवानगीचे नियम असतात, आणि आत आलेल्या विनंतीचं उत्तर तो आपोआप बाहेर सोडतो. नेटवर्क एसीएल सबनेटच्या वेशीवर असते. तिच्यात परवानगी आणि मनाई दोन्ही असतात, नियम क्रमांकाने तपासले जातात, आणि ती उत्तर लक्षात ठेवत नाही. तिथे ४४३ (सुरक्षित वेबसाइटचं पोर्ट) आत सोडलं, पण बाहेर जाणारी १०२४ ते ६५५३५ ही पोर्टं सोडली नाहीत, तर साइट टाइमआउटच देते. एसीएल सुरुवातीला सगळं सोडते. ठोस कारण नसेल तर तिला हात लावू नका.

२२ नंबरचं पोर्ट (मशीनवर दुरून लॉगिन करायचं) सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर लॉगिनसाठी वापरलात तर ते उघडावंच लागत नाही.

१४. डेटा ट्रान्सफरचे पैसे नक्की कशाचे?

इंटरनेटवरून आत येणारा डेटा फुकट. बाहेर जाणारा महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे मुंबईत सुरुवातीचा दर जीबीला सुमारे १०.९ सेंट. महिन्याला १ टीबीचे व्हिडिओ लोकांनी पाहिले तर जवळपास ९८ डॉलर, तेही साठवणीचे पैसे सोडून. म्हणून व्हिडिओ-फोटो असतील तर पुढे क्लाउडफ्रंट (बघणाऱ्याच्या जवळून फाइली पुरवणारी सेवा) लावा: एस३पासून क्लाउडफ्रंटपर्यंतचा प्रवास मोजला जात नाही.

आतल्या आतही मीटर आहे. एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये गेलेल्या डेटाला दोन्ही बाजूंना जीबीमागे एकेक सेंट पडतो. आणि दोन मशीन शेजारी असूनही तुम्ही पब्लिक आयपीने जोडली तर फुकट जाणारा डेटा मोजला जायला लागतो. आत बोलताना नेहमी प्रायव्हेट आयपी.

१५. दोन झोनमध्ये मशीन ठेवली. आता साइट कधीच पडणार नाही ना?

एका इमारतीची वीज गेली तर वाचाल. अख्ख्या रीजनची एखादी सेवा अडखळली तर नाही. २० ऑक्टोबर २०२५ला व्हर्जिनियात डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीत (नावावरून पत्ता सांगणारी नोंद) गडबड झाली आणि त्यावर टेकलेल्या कितीतरी सेवा, सगळ्या झोनमध्ये, तासन्‌तास अडकल्या. बहुतेक छोट्या कंपन्यांना दोन रीजनमध्ये चालू व्यवस्था परवडणार नाही, आणि तिची गरजही नसते. हैदराबादला रोजचा बॅकअप आणि तो तिथे उभा करून पाहिल्याचा अनुभव, एवढं जरूर हवं. कधीच परत उभा न केलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

१६. सर्व्हरवरून ईमेल जात नाही आणि सकाळी ६चं काम साडेअकराला चालतं. दोन्ही का?

ईमेलचं कारण: ईसी२वरून बाहेर जाणारं पोर्ट २५ सुरुवातीपासून अडवलेलं असतं. ५८७ वापरा, किंवा एडब्ल्यूएसची ईमेल पाठवणारी एसईएस सेवा. वेळेचं कारण: मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ६ हवे असतील तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) ००:३० लिहा. बिलाचा महिनाही यूटीसीनेच बदलतो, म्हणजे आपल्याकडे १ तारखेला पहाटे ५:३०ला.

१७. दिवसातून चारदा काही मिनिटं चालणाऱ्या कामासाठी मशीन चालू ठेवणं पटत नाही. दुसरं काय?

लॅम्ब्डा: मशीन न ठेवता, गरज पडेल तेव्हाच तुमचा कोड चालवणारी सेवा. दर महिन्याला दहा लाख विनंत्या फुकट आहेत. एक फेरी जास्तीत जास्त १५ मिनिटं चालते, त्यावर काम गेलं तर ते मध्येच तोडलं जातं. प्रोसेसरची ताकद वेगळी मागता येत नाही, मेमरी वाढवली की ती वाढते. लॅम्ब्डाला व्हीपीसीत बसवलं की त्याचं इंटरनेट जातं, पब्लिक सबनेट दिलं तरीही. मग नॅट लागतो, म्हणजे पुन्हा प्रश्न १२.

१८. स्पॉट मशीन ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त म्हणतात. साइट त्यावरच चालवू का?

स्पॉट म्हणजे एडब्ल्यूएसची रिकामी पडलेली मशीन. डेटाबेस किंवा एकुलतं एक मशीन असेल तर अजिबात नको. एडब्ल्यूएसला जागा लागली की दोन मिनिटांची सूचना देऊन ते मशीन काढून घेतलं जातं. व्हिडिओ रूपांतर, चाचण्या, रात्रीचे हिशेब यांना स्पॉट उत्तम. सतत चालणाऱ्या मशीनसाठी सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक वापराची हमी देऊन मिळणारी सवलत) घ्या, पण दोन-तीन महिने वापर बघून. तो एक किंवा तीन वर्षांचा करार असतो आणि मशीन बंद केलं तरी पैसे चालूच राहतात.

१९. फ्री टियर, जीएसटी आणि कार्डाचं कसं?

१५ जुलै २०२५पासून उघडलेल्या खात्यांना बारा महिने फुकट मशीन ही जुनी सोय नाही. त्याऐवजी २०० डॉलरपर्यंत क्रेडिट (बिलातून वजा होणारी रक्कम) मिळतं: निम्मं खातं उघडताच, निम्मं काही कामं पूर्ण केल्यावर. फुकटची योजना सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर एवढा फरक ध्यानात ठेवा. भारतातल्या खात्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. कंपनीचा जीएसटी क्रमांक टॅक्स सेटिंगमध्ये भरलात तरच इनपुट क्रेडिट घेता येईल. कार्डावरून १५,००० रुपयांवरची रक्कम आपोआप कापली जात नाही, ओटीपी द्यावा लागतो. तो राहिला की बिल थकतं, म्हणून तारखेवर नजर ठेवा.

२०. अ‍ॅक्सेस की चुकून गिटहबवर गेली. कमिट डिलीट केली, आता ठीक ना?

नाही. आधी ती की (प्रोग्रॅमला तुमच्या खात्यात शिरू देणारा गुप्त संकेत) बंद करा, बाकी सगळं नंतर. गिटहबसारख्या साइटवरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीतल्या (कोडचा साठा) की शोधणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. मग सगळे रीजन एकेक करून तपासा: चोर मुंबईत मशीन उभं करत नाही, तुम्ही कधी न उघडलेल्या रीजनमध्ये करतो. तुम्ही न बनवलेले युजर आणि रोल पुसा, सपोर्टला लगेच कळवा. पुढे ईसी२वरच्या प्रोग्रॅमला की देऊच नका, आयएएम रोल (मशीनलाच दिलेली परवानगी) जोडा. आणि रूट खात्याला (सगळे अधिकार असलेलं मुख्य लॉगिन) एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरी ओळख, आजच.

२१. सगळं बंद करायचं आहे. खातं बंद केलं की झालं का?

आधी वस्तू पुसा, मग खातं. प्रत्येक रीजनमध्ये मशीन, सुट्या डिस्क, इलॅस्टिक आयपी, नॅट गेटवे, लोड बॅलन्सर या क्रमाने जा. एएमआय (मशीनचा साचा) नुसती काढून टाकली तर तिच्यामागचे स्नॅपशॉट आपोआप जातीलच असं नाही, तेही बघा. व्हर्जनिंग असलेली एस३ची बकेट (फाइलींचा डबा) आतल्या सगळ्या प्रती गेल्याशिवाय पुसता येत नाही. सेव्हिंग्ज प्लॅन किंवा रिझर्व्ह्ड मशीनचा करार शिल्लक असेल तर खातं बंद केल्यावरही त्याचे पैसे द्यावे लागतात. खातं बंद केल्यावर ९० दिवसांत पुन्हा उघडता येतं. जीएसटीची सगळी बिलं बंद करण्याआधीच उतरवून घ्या.